व्हीलचेअर वाटता तशी वापरायलाही शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात दर महिना-दोन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या तालुक्यातल्या व्हीलचेअर वाटपाची बातमी येते. हे काम मोठं आहे, त्याबद्दल मनापासून आदर आहे. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून एलिम्को या सरकारी कंपनीच्या खुर्च्या येतात, ग्रामपंचायतीच्या 5 टक्के दिव्यांग निधीतून येतात, रोटरी-लायन्सवाले देतात, मुंबईतली गावमंडळं चाकरमान्यांकडून वर्गणी काढून देतात, त्यामुळे आज आमच्या कोकणात आडवाडीतसुद्धा खुर्ची पोचलीये. पण खुर्ची हातात दिली, फोटो झाला की कार्यक्रम संपतो. तिचा ब्रेक कसा लावायचा, माणसाला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, गाडीत कसं बसवायचं, घाटात काय काळजी घ्यायची हे कोणी सांगत नाही आणि खुर्ची घेऊन जाणाऱ्याला विचारायचं सुचत नाही. हे पत्र त्यासाठी लिहितोय.

माझा मोठा भाऊ आंबे काढताना कलमावरून पडला आणि मणक्याला मार बसला. कमरेखाली ताकद नाही, आणि लोकांच्या हे लक्षात येत नाही पण कमरेखाली संवेदनाही नाही, म्हणजे चटका बसला तरी कळत नाही, घासलं तरी कळत नाही. हात मात्र भक्कम आहेत. आम्हाला नशिबाने एक फिजिओथेरपिस्ट ताई भेटल्या, त्यांनी दादाला, वहिनीला आणि मला समोर घेऊन सगळं शिकवलं, आमच्याकडून परत परत करून घेतलं. पुढे वाडीतल्या एका काकूंना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांच्या घरच्यांना आम्ही दाखवलं. तेवढ्या अनुभवावर लिहितोय, डॉक्टरकीचा आव नाही.

आधी ब्रेक. व्हीलचेअरचे ब्रेक उभी खुर्ची जागेवर धरून ठेवण्यासाठी असतात, चालती खुर्ची थांबवण्यासाठी नाही. उतारावर वेग आला म्हणून कोणी एका बाजूचा ब्रेक ओढला तर खुर्ची त्या बाजूला गर्रकन फिरते आणि माणूस बाहेर फेकला जातो. दुसरं म्हणजे हा ब्रेक टायरला दाबून बसतो, त्यामुळे हवेचे टायर असले आणि हवा कमी झाली की ब्रेक लावूनसुद्धा चाक सरकतं. किती घरांत मी बघितलंय की ब्रेक लागत नाही म्हणून चाकाखाली विटेचा तुकडा लावून ठेवतात, आणि खरं दुखणं फक्त हवेचं असतं, सायकलच्या पंपाने दोन मिनिटांत सुटणारं. दर आठवड्याला हवा बघायची, दोन्ही ब्रेक लावून रिकामी खुर्ची ढकलून बघायची, चाक फिरलं तर हवा भरायची, तरी फिरलं तर ब्रेकचा नट सैल करून ब्रेक पुढे सरकवून घ्यायचा, कुठलाही सायकलवाला करून देतो.

मग पायाच्या पाट्या, म्हणजे फूटरेस्ट. बसताना उठताना त्या वर उचललेल्या किंवा बाजूला वळवलेल्या पाहिजेत. त्यांच्यावर पाय देऊन उभं राहिलं की पूर्ण वजन पुढच्या छोट्या चाकांच्याही पुढे जातं आणि खुर्ची पुढे कलंडते, माणूस तोंडावर आपटतो. मागच्या बाजूला हँडलला जड पिशव्या अडकवायची आपली सवय पण तशीच वाईट. माणूस बसलेला असेपर्यंत खुर्ची तोल धरते, तो उठला की पिशवीच्या वजनाने मागे पडते, आणि चढावर तर माणसासकट पडू शकते. सामान मांडीवर नाहीतर सीटखाली.

अजून एक गोष्ट आहे जी आम्हाला ताईंनी सांगितली नसती तर जन्मात सुचली नसती. पुढे वाकायच्या किंवा खुर्चीतून सरकायच्या आधी खुर्ची थोडीशी मागे घ्यायची, म्हणजे पुढची छोटी चाकं फिरून पुढच्या दिशेला तोंड करतात, खुर्चीचा पाया लांब होतो आणि ती पुढे उलटायचा धोका कमी होतो. मग ब्रेक. दादा आता न सांगता करतो, चार बोटं मागे, खट खट दोन ब्रेक, मग पुढचं काम.

आता ट्रान्सफर, म्हणजे माणसाला पलंगावरून खुर्चीत किंवा खुर्चीतून दुसरीकडे घेणं, कारण सगळ्यात जास्त पडापडी तिथेच होते, आणि नुसता पेशंट पडत नाही, उचलणाऱ्याची कंबरही जाते. आपल्याकडे पद्धत म्हणजे पेशंटने उचलणाऱ्याच्या गळ्यात हात टाकायचे आणि उचलणाऱ्याने त्याला बगलेत धरून वर ओढायचं. दोन्ही चूक. गळ्यात हात टाकले की त्याचं सगळं वजन तुमच्या मानेवर येतं. आणि अर्धांगवायूच्या माणसाचा लुळा खांदा बगलेतून किंवा हाताला धरून ओढला तर सांध्यातून निखळतो, नंतर महिनोन्महिने ठणकत राहतो आणि घरचे म्हणत राहतात की अटॅकमुळेच दुखतंय.

काकूंच्या घरी शिकवलं ते असं. खुर्ची पलंगाला तिरकी लावायची, साधारण 30 ते 45 अंशात, आणि काकूंची चांगली बाजू जिकडे जायचंय तिकडे येईल अशी. खुर्ची आणि पलंग शक्यतो एका उंचीचे, पलंग बुटका असला तर पायांखाली लाकडी ठोकळे देऊन उंच करायचा, पण ठोकळ्याला खाच पाहिजे म्हणजे पाय घसरणार नाही. ब्रेक, पाट्या वर, पायात न घसरणारी चप्पल, नुसते मोजे घालून कधीच नाही. काकूंनी आधी सरकत सीटच्या कडेला यायचं, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, थोडे मागे घेतलेले, मग पुढे वाकायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या पुढे आलं पाहिजे. बहुतेकांना वाटतं उठायचं म्हणजे सरळ वर जायचं, तसं नसतं, आधी पुढे वाकलं की ढुंगण आपोआप हलकं होतं. मदत करणाऱ्याने समोर उभं राहून आपल्या गुडघ्याने त्यांचा लुळा गुडघा टेकवून धरायचा म्हणजे तो मध्येच वाकत नाही, आणि धरायचं कमरेला. बाजारात यासाठी हँडलवाला पट्टा मिळतो, त्याला ट्रान्सफर बेल्ट म्हणतात, तो कमरेला बांधला की पकड चांगली येते. उचलणाऱ्याने गुडघ्यात वाकायचं, पाठ सरळ, आणि वळताना कमरेतून पिळायचं नाही, पावलं टाकत वळायचं.

आणि आकडे मोजायचे ते आधी ठरवून. एक दोन तीन, पण तीन म्हणताना उठायचं की तीन म्हणून झाल्यावर? साधी गोष्ट आहे पण दोघांनी वेगवेगळं धरलं तर एकजण ओढतो आणि दुसरा अजून बसलेला असतो. मोजायचं शक्यतो पेशंटने स्वतः, त्याचं शरीर आहे, त्याला तयारी कधी झाली ते त्यालाच कळतं.

दादाचं वेगळं, त्याचे पाय वजन घेत नाहीत, त्यामुळे तो फळीवरून सरकतो. विकतची ट्रान्सफर बोर्ड मिळते पण आम्ही गावातल्या सुताराकडून जाड प्लायवूडची करून घेतली, अडीच फूट लांब, फूटभर रुंद, कडा गोल केलेल्या, वरून घासून गुळगुळीत करून पॉलिश, कुठे कूस राहता कामा नये. खुर्चीचा त्या बाजूचा हात काढायचा, फळीचं एक टोक ढुंगणाखाली आणि दुसरं पलंगावर नीट टेकलेलं, आणि फळीच्या कडेला बोटं खाली वळवायची नाहीत, चेंगरतात. मग हातांवर जोर देऊन थोडं उचलायचं, थोडं सरकायचं, परत उचलायचं. फरफटत ओढायचं नाही. उघड्या अंगाने फळीवर नाही. कारण संवेदना नसलेली कातडी घासली गेली तर तिथे जखम होते, तिचा बेडसोअर होतो, आणि बेडसोअर बरा व्हायला महिने जातात, जंतुसंसर्ग रक्तात गेला तर जीवही जातो. मणक्याचा पेशंट कशाने दगावतो हे लोकांना माहीतच नाही, ही एवढीशी जखम त्यातलं एक मोठं कारण आहे.

म्हणून खुर्चीवर चांगली कुशन पाहिजे, नुसत्या रेक्झिनवर दिवसभर बसवायचं नाही, आणि ती ट्यूबसारखी मध्ये भोक असलेली गोल उशी तर अजिबात नको, तिच्या कडेवर दाब पडून रक्तपुरवठा अजून कमी होतो. दर अर्ध्या तासाच्या आत ढुंगणावरचा दाब काढायचा, हातावर उचलून धरणं दमवणारं आहे म्हणून पुढे छाती मांडीवर टेकवून किंवा एकेका कुशीला झुकून, आणि ते दोन मिनिटं तरी. दोन सेकंद उचलून परत बसलं तर रक्त परत फिरायला वेळच मिळत नाही. दादाने मोबाईलला गजर लावलाय.

घराबाहेर पडायचं तर आमच्या कोकणात जोतं आडवं येतं. चिरेबंदी घराचं जोतं दीड-दोन फूट उंच, आणि लोक रॅम्प म्हणून फळी टाकतात किंवा गवंडी चार फुटात उतार काढून देतो. सरकारी नियमात प्रमाण 1 ला 12 आहे, म्हणजे दोन फूट चढायला 24 फूट लांबीचा उतार, आणि मध्ये टेकायला सपाट जागा. अंगणात तेवढी जागा सरळ नसेल तर वळवून घ्यायचा पण उभा करायचा नाही, पावसाळ्यात शेवाळ धरल्यावर तर तिथे धड माणूस घसरतो. उतारावरून खाली नेताना ढकलणाऱ्याने उलटं व्हायचं, आपण आधी खाली आणि खुर्ची पाठीमागून उतरवायची, म्हणजे बसलेला पुढे सांडत नाही. एखादी पायरी उतरतानाही तसंच, मोठी चाकं आधी, हळू. चढताना पायाने मागचा दांडा दाबून पुढची चाकं वर टेकवायची आणि मग ढकलायचं.

जिन्यावरून उचलायची वेळ आलीच, म्हणजे लग्नाचा हॉल, तहसील, बँक, तर खुर्चीच्या हाताला किंवा पायाच्या पाटीला धरून उचलायचं नाही, ते भाग काढता येणारे असतात आणि अर्ध्या जिन्यात हातात येतात. पाठीची हँडल आणि पुढची मुख्य फ्रेम, एवढंच धरायचं. बसलेल्याचं तोंड चढतानाही आणि उतरतानाही खालच्या बाजूला, आणि जास्त ताकदीचा माणूस वर, हँडलकडे. हँडलचं रबर आधी ओढून बघा, घामाने आणि जुनेपणाने ते निघून येतं. गणपतीत पाहुणे येतात, प्रेमाने येऊन मागून न सांगता खुर्ची ढकलायला लागतात, तेव्हा दादाचा हात चाकावर असतो, लुंगीचं टोक, वहिनीच्या ओढणीचं टोक चाकाच्या तारांत जाऊ शकतं, तर कृपा करून आधी विचारा.

आता गाडीचं, ज्यासाठी खरं तर मी पेन उचललं. आमच्याकडून कोल्हापूरला तपासणीला जायचं म्हणजे आंबा घाट, आणि मुंबईला जायचं तर महामार्ग 66, जो 2011 पासून होतोच आहे. अशा रस्त्यांवर मी डोळ्यांनी बघितलंय की मोठ्या व्हॅनमध्ये पेशंटला व्हीलचेअरसकट चढवतात, ब्रेक लावतात आणि गाडी सुटते. खुर्ची कशालाच बांधलेली नसते. कुठे कुठे तर आडवी, खिडकीकडे तोंड करून. घरच्यांना वाटतं ब्रेक लावलाय ना, आणि एकजण हँडल धरून बसलाय ना. व्हीलचेअर गाडीत बांधण्याच्या पट्ट्यांची जी आंतरराष्ट्रीय चाचणी असते ती ताशी 48 किलोमीटरच्या धडकेची आणि 20 जी, म्हणजे वजनाच्या 20 पट जोराची असते, म्हणजे 60 किलोचा माणूस त्या क्षणी 1200 किलो वजनाचा असल्यासारखा पुढे जातो, वर खुर्चीचं वजन वेगळं. ते कोणाच्या हाताने धरून राहणार आहे? धडक सोडा, घाटात समोर अचानक एसटी आली आणि करकचून ब्रेक मारला तरी न बांधलेली खुर्ची ड्रायव्हरच्या पाठीवर जाते.

त्यामुळे पहिला नियम, शक्य असेल तर माणसाला गाडीच्या सीटवर घ्या आणि खुर्ची घडी करून डिकीत टाका. गाडीची सीट आणि तिचा बेल्ट धडकेसाठी बनवलेला असतो, आपली साधी खुर्ची नाही. दुसरं, खुर्चीतच बसून जावं लागत असेल तर तोंड गाडी जाते त्या दिशेला, खुर्चीच्या मुख्य फ्रेमला चार कोपऱ्यांत चार पट्टे, दोन पुढून दोन मागून, खाली गाडीच्या पत्र्यात पक्क्या बसवलेल्या हुकांना ताणून. चाकाला, हाताला, पाटीला पट्टा बांधायचा नाही. आणि माणसाला वेगळा बेल्ट, कमरेवरून आणि खांद्यावरून, तोही गाडीला अडकवलेला. खुर्चीला जो वेल्क्रोचा पट्टा येतो तो नीट बसण्यापुरता आहे, धडकेत तो क्षणात सुटतो.

कारमध्ये घेताना पुढची डावी सीट बरी, दरवाजा मोठा असतो आणि सीट मागे सरकते. पूर्ण मागे घ्यायची, पाठ किंचित कलती करायची, खुर्ची तिरकी लावायची, गाडी फुटपाथपासून इतकी लांब उभी करायची की खुर्ची रस्त्यावरच्या सपाट भागावर गाडीच्या शेजारी मावेल. आधी ढुंगण सीटवर, मग डोकं वाकवून आत, मग एकेक पाय. उघड्या दरवाजाला धरून जोर लावायचा नाही, तो हलतो. सीटवर प्लास्टिकची पिशवी टाकली की वळायला सोपं जातं पण निघायच्या आधी ती काढायची, नाहीतर घसरत माणूस बेल्टखालून पुढे येतो. बेल्ट पोटावरून नाही, खाली कमरेच्या हाडावरून. मागे बसवलं तरी बेल्ट पाहिजे, 2022 ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या अपघातानंतर मागच्या बेल्टवर देशभर बोलणं झालं, दिव्यांगाला तर तो जास्तच लागतो कारण दादासारख्याला पाय रोवून स्वतःला सावरता येत नाही, प्रत्येक वळणावर तो आडवा होतो.

ईको किंवा जुनी ओम्नी असेल तर एक लक्षात ठेवा, इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि लांबच्या प्रवासात तिथला पत्रा तापतो. संवेदना नसलेला पाय तिथे टेकला तर भाजतो आणि घरी जाऊन पँट काढल्यावर फोड दिसतो. अशा गाडीत मधल्या सीटवर बसवा, सरकत्या दारामुळे जागाही मिळते, फक्त त्या सीटला बेल्ट आहे का ते गाडी ठरवतानाच विचारा. लघवीची पिशवी असेल तर निघताना रिकामी करा, गाडीत ती मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर राहिली पाहिजे आणि नळी बेल्टखाली दबता कामा नये. खुर्चीवरची कुशन गाडीत सोबत घ्या, पण ती फार उंच असेल तर बेल्ट नीट बसत नाही, मग पातळ वापरा. आणि तासाभराने गाडी बाजूला घेऊन दाब काढा, चहाला थांबता तसं.

रिक्षाने जाताना आम्ही दोघं लागतो. एकाने मागून बगलेखालून हात घालून दादाचे स्वतःचे घडी घातलेले हात धरायचे, दुसऱ्याने गुडघ्यांच्या वर मांड्यांखालून. हे फक्त खांदे मजबूत असलेल्या माणसाला, काकूंना असं कधी उचलत नाही. खुर्ची घडी करताना सीटचा कपडा मधून वर ओढायचा, उघडताना तळव्याने दोन्ही दांडे खाली दाबायचे, बोटं दांड्याभोवती गुंडाळून दाबली तर फ्रेममध्ये सापडतात. आणि घडी खुर्ची रिक्षाला मागे बांधायची ती दोरीने दोन ठिकाणी, मुलाच्या हातात धरायला देऊन नाही.

आता मागणी. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 सालीच साध्या व्हीलचेअरबद्दल मार्गदर्शन काढलं, त्यात खुर्ची देण्याच्या 8 पायऱ्या सांगितल्यात, त्यात मापं घेणं आहे, खुर्ची अंगाला बसते का बघणं आहे, वापरणाऱ्याला शिकवणं आहे आणि नंतर परत तपासणं आहे. 2023 ला त्यांनी नवीन काढलं त्यातही निवड, माप, शिकवणं, पाठपुरावा हेच चार. आपल्याकडे त्यातलं फक्त देणं होतं. जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट आहेत, फिजिओची कॉलेजं आहेत, वाटपाच्या दिवशी दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक बोलावले, एक पलंग आणि एक उभी गाडी ठेवली, आणि प्रत्येक कुटुंबाकडून अर्धा तास करून घेतलं तर खर्च कितीसा येतो? सोबत एक हवेचा पंप, एक पाना आणि मराठीत चित्रं असलेला कागद द्या. ज्यांच्याकडे आधीच खुर्ची आहे त्यांना आशाताईंमार्फत निरोप देऊन बोलवा, कारण त्यांनाच कोणी काही सांगितलेलं नाही.

आरटीओला विनंती अशी की केंद्राच्या मोटार वाहन नियमात 1 मार्च 2020 पासून बसमध्ये व्हीलचेअर आत घेण्याची, ठेवण्याची आणि लॉक करण्याची सोय आलीये, तर फिटनेसच्या वेळी ती खरंच आहे का आणि चालते का ते बघा, आणि पेशंट नेणाऱ्या खासगी व्हॅनमध्येही चार पट्टे आणि माणसाचा बेल्ट असल्याशिवाय खुर्चीसकट माणूस न्यायला बंदी करा. व्हॅनमालकांनी विरोध करायचं कारण नाही, पट्ट्यांचा संच एकदाच घ्यावा लागतो.

आणि आपल्याला विनंती की पुढच्या वेळी वाटपाची बातमी छापताना वार्ताहराने आयोजकांना एवढं एक विचारावं, शिकवलं का, कोणी शिकवलं, आणि ते उत्तर बातमीत यावं.

आपला,
एक वाचक
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी